तेल दिलं, वजन तेवढंच, मटण दोन दिवसांत तपकिरी. कोकरांच्या खुराकात चरबी किती आणि कोणती?

वाडगं

मंडळी, या वेळी बंदिस्त पद्धतीने २४ नर कोकरं मटणासाठी वाढवली. दूध तुटलेली, साधारण २० किलोची. १२-१२ चे दोन गट केले. खुराक दोघांना एकच होता: भरडलेला मका, भरडलेली बार्ली, पेंड आणि थोडी सुकी वैरण. दुसऱ्या गटाला त्याच्यावर डोक्यामागे रोज ६० ग्रॅम वनस्पती तेल आणि १०० ग्रॅम भरडलेलं जवस दिलं. हिशेब सरळ वाटत होता. चरबीत धान्याच्या सव्वादोन पट ऊर्जा असते, म्हणजे वजन लवकर भरेल, मटण रसाळ होईल आणि जवसामुळे ओमेगा-३ वाढेल.

आठवड्याभरात दुसऱ्या गटाच्या गव्हाणीत खुराक उरायला लागला. लेंड्या मऊ, एकमेकांना चिकटलेल्या. तेल निम्मं केलं तेव्हा खाणं जरा सुधारलं. शेवटी दोन्ही गटांची वजनं जवळजवळ सारखीच निघाली. सोलल्यावर पाहिलं तर दुसऱ्या गटाच्या गुरद्याभोवती चरबीचे गोळेच्या गोळे, पाठीवरची चरबी मात्र बोट रुतेल इतकी मऊ. मांसाच्या आत पांढऱ्या रेषा दिसाव्यात अशी आशा होती, त्या नव्हत्याच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कापून थंडीत ठेवलेलं मटण दोन दिवसांत तपकिरी पडलं. पहिल्या गटाचं त्याच थंडीत चांगलं टिकलं.

चरबी गेली कुठे, रंग का गेला, आणि बायपास फॅट (पोटातल्या जिवाणूंना चुकवून पुढे जाणारी चरबी) वापरलं असतं तर हे टळलं असतं का? अडीच महिने राबून हे हाती आलं म्हणून मन लागत नाहीये.

रवंथ

आधी बेरीज करू. ३० किलोचं कोकरू दिवसाला साधारण १.२ किलो सुकं खातं असं धरा. धान्य, पेंड, वैरण यांत ३ टक्क्यांच्या आसपास चरबी मुळातच असते, ती झाली ३६ ग्रॅम. तुमचं तेल ६० ग्रॅम. जवसात ४० टक्क्यांच्या आसपास तेल असतं, म्हणजे त्याचे आणखी ४०. एकूण १३६ ग्रॅम. हे एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांच्या घरात जातं. मेंढीला एकूण चरबी ५-६ टक्क्यांपर्यंत सोसते. ७ च्या पुढे तंतुमय वैरणीचं पचन घसरतं आणि जनावर स्वतःहून खाणं कमी करतं. तुमच्या कोकरांनी तेच केलं.

कारण कोठीपोटात, म्हणजे मेंढीच्या चार पोटांपैकी पहिल्या मोठ्या पोटात आहे. तिथे वैरण फोडणारे जिवाणू आहेत आणि मोकळी असंतृप्त मेदाम्लं त्यांना विषासारखी असतात. शिवाय तेलाचा थर वैरणीच्या कणांवर बसतो, मग जिवाणूंना कणाला चिकटता येत नाही. दुसरी गोष्ट बरेच जण विसरतात. हे जिवाणू स्टार्च आणि तंतू आंबवून त्यावर वाढतात, चरबीवर वाढत नाहीत. म्हणजे ऊर्जेचा आकडा तेलाने कागदावर वाढतो, पण जिवाणूंचं अन्न वाढत नाही. आणि कोकराला मिळणारी बरीचशी प्रथिनं म्हणजे हेच जिवाणू, पुढच्या पोटांत गेल्यावर पचलेले. ऊर्जा वाढली, प्रथिनं तेवढीच राहिली किंवा कमी झाली, तर मांस कशातून भरणार? जादा ऊर्जा चरबी म्हणूनच साठते.

साठण्याचाही क्रम आहे. आधी गुरद्याभोवती आणि आतड्यांवर, मग स्नायूंच्या मधे आणि कातडीखाली, आणि सगळ्यात शेवटी स्नायूच्या आत. कोवळ्या कोकराला तेल देऊन त्या पांढऱ्या रेषा आणता येत नाहीत, आधी गुरदाच भरतो.

वाडगं

बेरीज मी केलीच नव्हती. तेल मोजलं, जवस मोजलं, पण जवसातलं तेल तेलात धरलं नाही.

एक कोडं राहतंच. मी असं वाचलं होतं की मेंढीच्या पोटात तेलाची घट्ट चरबी होते. मग माझी चरबी उलट मऊ कशी पडली?

रवंथ

वाचलंत ते खरं आहे. गवतातलं, बियांतलं असंतृप्त तेल कोठीपोटात आलं की जिवाणू ते आधी फोडतात आणि सुट्या झालेल्या मेदाम्लांना हायड्रोजन जोडत जातात. असंतृप्त मेदाम्लं त्यांना बाधतात, म्हणून त्यांनी शोधलेला हा बचाव आहे असं मानलं जातं. लिनोलिक आम्लाचा ७० ते ९५ टक्के आणि लिनोलेनिकचा (जवसातलं ओमेगा-३ ते हेच) ८५ टक्क्यांपासून जवळजवळ सगळा भाग असा बदलतो. शेवटी बनतं स्टिअरिक आम्ल. ते वितळायला ७० अंशांच्या आसपास तापमान लागतं, लिनोलेनिक मात्र शून्याखाली ११ अंशांनाही पातळ असतं. मेंढीची चरबी ताटात थिजते ती या स्टिअरिकमुळे.

पण हे काम पूर्ण व्हायला कोठीपोट निरोगी हवं. तुमचा खुराक धान्याने भरलेला, तोही भरडलेला. भरडलेलं धान्य झपाट्याने आंबतं आणि पोटातली आम्लता वाढते. तशा पोटात साखळी अर्धवट राहते आणि तिची वाटही बदलते. एरवी मधल्या टप्प्यावर व्हॅक्सेनिक आम्ल बनतं, त्याऐवजी ट्रान्स-१० नावाचा दुसरा प्रकार वाढतो. हे अर्धवट पदार्थ स्टिअरिकपेक्षा कितीतरी कमी तापमानाला वितळतात.

तेलाशी संबंध नसलेलं आणखी एक कारण आहे. धान्य आंबताना प्रोपिओनिक आम्ल खूप तयार होतं. यकृताला ते सगळं ग्लुकोजकडे वळवता आलं नाही तर उरलेलं चरबी बांधण्याच्या कामात शिरतं आणि फांद्या असलेली, विषम लांबीची मेदाम्लं तयार होतात. अशी चरबी मऊ, तेलकट. स्कॉटलंडच्या रोवेट संस्थेत १९७० च्या दशकात बार्लीवर वाढवलेल्या कोकरांत हेच सापडलं होतं. तीच बार्ली अख्खी दिली तर चरबी घट्ट राहते, हेही तिथल्याच कामातून पुढे आलं. मेंढी धान्य स्वतः नीट चावते, गाईसारखं तिला भरडून द्यावं लागत नाही. भरडण्याचे कष्ट घेऊन आपण तिचं नुकसान करतो.

म्हणून विचारतो, पहिल्या गटाची चरबी खरंच घट्ट होती का?

वाडगं

आत्ता आठवून पाहतोय. दुसऱ्या गटाशेजारी ठेवल्यामुळे ती घट्ट वाटली असेल. एरवी चरणाऱ्या मेंढ्यांची असते तशी कडक नव्हती. म्हणजे खोट दोन्हीकडे होती, तेलाने ती वाढवली.

सुरीची_धार

मी मटण कापण्याच्या कामात वीसेक वर्षं आहे. रंगाबद्दल बोलतो, कारण यात लोक दोन वेगळ्या गोष्टी एक करतात.

मटण कापतानाच काळपट, कोरडं आणि हाताला चिकट लागलं, तर ते दमलेल्या, घाबरलेल्या जनावराचं असतं. स्नायूत ग्लायकोजेनचा साठा असतो, मेल्यावर त्याचं लॅक्टिक आम्ल होतं आणि पीएच ७ वरून साधारण ५.५ ते ५.७ वर उतरतो. जनावर लांबून दाटीवाटीने आणलं, रात्रभर उपाशी, अनोळखी जनावरांत ठेवलं, तर साठा आधीच संपतो. मग पीएच ६ च्या आसपासच अडकतो. त्यात खुराकातल्या तेलाचा काहीच दोष नाही.

कापताना लालभडक आणि दोन दिवसांनी तपकिरी, ही दुसरी गोष्ट. तुमचं कोणतं?

वाडगं

कापताना अगदी छान लाल होतं. दुसऱ्या दिवशी कडांना मातकट, तिसऱ्या दिवशी सगळंच. वासही जुन्या तेलासारखा, सडल्याचा नाही.

सुरीची_धार

मग चरबी हवेने खराब झाली, तिच्यासोबत रंग गेला. जुन्या तेलाचा वास ही पक्की खूण. याच्या पुढचं निळी शाई सांगतील.

निळी_शाई

मी मांस तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते.

मेदाम्लात जितके दुहेरी बंध जास्त तितकं ते हवेतल्या ऑक्सिजनला लवकर बळी पडतं. लिनोलेनिकमध्ये तीन आहेत, माशाच्या तेलातल्या डीएचएमध्ये सहा. कोठीपोटातून वाचलेला थोडासा भाग मांसात येतो तो मुख्यतः पेशींच्या पडद्यांतल्या फॉस्फोलिपिडमध्ये बसतो. हे प्रमाण छोटं असलं तरी पडदा पातळ आणि पृष्ठभाग मोठा, म्हणून बिघाड तिथूनच सुरू होतो. आणि तिथे तयार झालेले पदार्थ शेजारच्या मायोग्लोबिनला, म्हणजे मांसाला लाल रंग देणाऱ्या प्रथिनाला गाठतात. त्यातलं लोह ऑक्सिडाइझ झालं की त्याचं मेटमायोग्लोबिन होतं, ते तपकिरी.

त्या पडद्यातला राखणदार म्हणजे ई जीवनसत्त्व. हिरव्या गवतात ते भरपूर असतं. वाळवलेल्या, साठवलेल्या वैरणीत बरंच उडून जातं, धान्यात मुळात थोडं. तुमच्या कोकरांना हिरवं काहीच नव्हतं. म्हणजे एका हाताने लवकर बिघडणारी चरबी भरली आणि दुसऱ्या हाताने राखणदार काढून घेतला. स्नायूच्या किलोमागे ३ ते ३.५ मिलिग्रॅम अल्फा-टोकोफेरॉल (ई जीवनसत्त्वाचं मुख्य रूप) असेल तर रंग चांगला टिकतो, असं बऱ्याच कामांतून दिसतं. त्यासाठी खुराकातून ई शेवटचे सहा-आठ आठवडे द्यावं लागतं. कापल्यावर मटणाला बाहेरून लावून तो परिणाम मिळत नाही, कारण ते पडद्याच्या आत जाऊन बसत नाही.

एक धोका सांगते. बाजारातल्या बऱ्याच मिश्रणांत ई आणि सेलेनियम एकत्र असतात. ई वाढवायचं म्हणून ते मिश्रण दुप्पट-तिप्पट करू नका, सेलेनियमची विषबाधा होईल. ई वेगळं घ्या.

जवसफूल

सगळे तेलावर तुटून पडलेत म्हणून जवसाची बाजू मांडते. मी तीन-चार वर्षं कोकरांना जवस देते आहे, रोज ५०-६० ग्रॅम, त्याहून जास्त कधीच नाही. चरबी तोंडात टाळूला चिकटत नाही, हा फरक मला आणि घरच्यांना कळतो. पोटात जवळजवळ सगळं बदलून जातं म्हणता, मग तो फरक येतो कुठून?

रवंथ

तुमचं निरीक्षण खोडत नाही. वाचणारा भाग थोडा असला तरी मांसात मुळात लिनोलेनिक इतकं कमी असतं की थोड्यानेही ते दुप्पट होऊ शकतं. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त तेच असतं. शिवाय वाटेतलं व्हॅक्सेनिक आम्ल कोकराच्या स्वतःच्या चरबीत जाऊन सीएलए (लिनोलिक आम्लाचाच एक वेगळा प्रकार) होतं. मांसातल्या सीएलएचा बराचसा भाग असा पोटाबाहेर बनलेला असतो. १९८७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात भाजलेल्या गोमांसाच्या अर्कातून याच गटाची आम्लं ओळखली गेली, तेव्हापासून त्यांच्यावर इतकं काम झालं.

पण दुप्पट म्हणजे खूप, असं समजू नका. युरोपीय संघाच्या नियमानुसार एखाद्या पदार्थाला ओमेगा-३ चा स्रोत म्हणायचं तर १०० ग्रॅममध्ये, आणि १०० कॅलरींमागेही, ३०० मिलिग्रॅम लिनोलेनिक लागतं. नाहीतर ईपीए आणि डीएचए (माशाच्या तेलातली ओमेगा-३) मिळून ४० मिलिग्रॅम. कोकराच्या लाल मांसाला जवसाने पहिली अट गाठणं फार अवघड. तुमच्या कोकरांचं मटण चांगलं असेल, तर ते मटण चांगलं आहे म्हणून खा. औषध म्हणून नको.

जवसफूल

हे पटलं. एक मात्र सगळ्यांना सांगायचं आहे. भरडलेलं जवस कोमट पाण्यात भिजवून तासन्‌तास ठेवू नका. जवसात सायनाइड सोडणारे घटक असतात आणि त्यांना फोडणारं विकरही त्याच दाण्यात असतं. कोमट ओलावा मिळाला की ते काम सुरू करतं. द्यायचं तर कोरडं, लगेच भरडून द्या, किंवा नीट उकळून, म्हणजे विकर मरतं. भरडून महिनाभर पोत्यात ठेवलेलं जवसही नको, त्याचं तेल पोत्यातच खवट होतं.

वाडगं

मी दोन आठवड्यांचं एकदम भरडून ठेवत होतो. तेही चुकलंच.

बायपास फॅटबद्दल कोणीतरी सांगा. मला ते देताना "पोटाला कळतच नाही, थेट मांसात जातं" असं सांगितलं गेलं होतं.

रवंथ

थेट मांसात काहीच जात नाही.

बायपास फॅट म्हणजे बहुतेक वेळा मेदाम्लांचा कॅल्शियमशी केलेला साबण. कोठीपोटातल्या पीएचला तो विरघळत नाही, म्हणून जिवाणूंना त्रास देत नाही. चौथ्या पोटात पीएच २-३ वर येतो, तिथे साबण सुटतो आणि मेदाम्लं आतड्यात शोषली जातात. कल्पना उत्तम आहे आणि दुभत्या जनावरांत उपयोगी पडते, कारण त्यांच्या दुधात रोज ढीगभर ऊर्जा बाहेर जाते आणि तेवढं खाणं त्यांना जमत नाही.

तुमच्या कामात दोन अडचणी येतात. हा साबण बहुधा पामच्या मेदाम्लांचा असतो, म्हणजे मुख्यतः पामिटिक आणि ओलेइक. त्यातून ओमेगा-३ येत नाही, आलीच तर कोकराला आणखी चरबी येते. दुसरी अडचण पीएचची. पीएच ६ च्या खाली घसरायला लागला की साबण कोठीपोटातच सुटू लागतो, आणि असंतृप्त मेदाम्लांचा आधी. धान्यावर वाढणाऱ्या कोकराच्या पोटात पीएच दिवसातले कितीतरी तास ६ च्या खाली असतो. म्हणजे ज्या खुराकात लोक ते घालतात, तिथेच त्याचं संरक्षण सगळ्यात कच्चं. शिवाय चवीला बरं नसतं, काही कोकरं गव्हाणीत तोंडच घालत नाहीत.

खरं कडक संरक्षण ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या लोकांनी १९७० च्या सुमारास करून दाखवलं होतं. तेलाचे थेंब दुधातल्या केसिन या प्रथिनाने वेढून फॉर्मल्डिहाइडने पक्के करायचे. ते पोटातून खरोखर सहीसलामत जातात. कोकरांच्या चरबीत लिनोलिक इतकं वाढलं की ती मऊ आणि तेलकट झाली, शिजवल्यावर गोडसर तेलकट वास यायला लागला. मेंढीच्या मटणाला आपण मेंढीचं मटण म्हणून ओळखतो ते तिच्या पोटातल्या जिवाणूंमुळे. ते पूर्ण बाजूला काढले तर हाती येतं ते वेगळंच काही असतं. मला या सगळ्या विषयात हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

तिसरा_वाटा

फक्त खाणारा म्हणून विचारतो. उग्र वास चरबीमुळेच ना? मग काही मेंढ्यांना येतो, काहींना नाही, असं का?

निळी_शाई

हो, त्याच फांद्या असलेल्या मेदाम्लांमुळे. त्यातली ४-मिथिलऑक्टेनॉइक आणि ४-एथिलऑक्टेनॉइक ही दोन मुख्य. न्यूझीलंडमध्ये १९७० च्या दशकात त्यांची ओळख पटली. अगदी सूक्ष्म प्रमाणातही नाकाला कळतात. वय वाढलं की वाढतात, खच्ची न केलेल्या नरात जास्त असतात, आणि धान्याच्या खुराकाने वाढतात. चरणाऱ्या मेंढ्यांना वेगळा, गवताळ वास असतो, त्यात स्कॅटोल या वासाच्या पदार्थाचा वाटा आहे. माशाचं तेल दिलं तर तिसराच वास येतो, म्हणून मी ते कोणाला सुचवत नाही.

खुरकूत

विषय थोडा बाजूचा, पण २४ नर आणि सगळा धान्याचा खुराक हे वाचून राहवलं नाही. अशा नरांना मूतखडा फार होतो, धान्यात स्फुरद जास्त आणि कॅल्शियम कमी म्हणून. कॅल्शियम स्फुरदाच्या दुप्पट ठेवा. जादा चरबी आतड्यात कॅल्शियम बांधून ठेवते, तेलाच्या दिवसांत ते आणखी कमी पडतं. आणि गाईंचं खनिज मिश्रण मेंढ्यांना चुकूनही देऊ नका, त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठत जातं आणि एक दिवस अचानक जनावर जातं.

वाडगं

एक कोकरू खरंच लघवीला अडखळत होतं, दोन दिवस कण्हत होतं. वाचलं. मला तेव्हा कारण सुचलंच नाही.

पुढच्या तुकडीचं असं ठरवतोय. धान्य अख्खं. वैरण वाढवायची. जवस ५० ग्रॅम, रोजच्या रोज भरडून. तेल नाही. ई जीवनसत्त्व शेवटचे आठ आठवडे. पेंड थोडी जास्त.

रवंथ

बेरीज पुन्हा केली: मूळचे ३६ आणि जवसातले २० ग्रॅम, साडेचार टक्क्यांच्या आसपास. बसतंय. पण एवढ्या सहा गोष्टी एकदम बदलल्यात तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. अख्खं धान्य, वैरण आणि पेंड सगळ्यांना सारखीच द्या. तीन गट करा, ८-८ चे. एकाला नुसता खुराक, एकाला जवस, एकाला जवस आणि ई. गटाची सरासरी वजनं सारखी ठेवून वाटा. दांडगी एकीकडे, बारकी दुसरीकडे असं होऊ देऊ नका. खुराकाला दोन-तीन आठवडे हळूहळू चढवा, आणि गव्हाणीत उरलेला खुराक रोज तोलून लिहा. मागच्या वेळी तो तोललेला असता तर आठवड्यातच चूक हाती आली असती.

सुरीची_धार

आणि कानाच्या बिल्ल्यावर विसंबू नका, मुंडकं वेगळं झालं की बिल्ला गेला. मागच्या पायाच्या नळीला नंबरची पट्टी बांधा, सोलल्यावरही राहते. गुरद्याची चरबी प्रत्येकाची वेगळी काढून तोला. पाठीचा तोच तुकडा, त्याच जाडीचा, तिन्ही गटांचा एकाच ट्रेमध्ये ठेवा आणि पाच दिवस रोज एकाच वेळी, एकाच उजेडात फोटो काढा. आणायच्या आदल्या दिवशी पाणी भरपूर, धावपळ नको, गट मिसळू नका. नाहीतर रंगाचा दोष परत कोणाच्या तरी चुकीच्या खात्यात जाईल.

वाडगं

पट्टी, वही, काटा, तिन्ही घेतो. कोकरं महिन्याभरात दूध तुटून येतील. पहिल्या आठवड्यापासून उरलेल्या खुराकाचे आकडे इथेच टाकत जाईन.